भिंतीपलीकडचा हात

केलेपीच्या हातांत जोर नाही, हे दूरच्या दक्षिण समुद्रातल्या वावाऊ बेटावरच्या त्या गावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. माणूस चांगला उंचापुरा, पंजे सुपाएवढे, अख्खं डुक्कर खांद्यावर टाकून चढ चढेल असा. पण मालिश करायला बसला की झोपलेल्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं करायचा. संध्याकाळी कावा, म्हणजे मुळांचं ते गुंगी आणणारं पेय, प्यायला मंडळी जमली की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय केलेपी, आज किती माश्या हाकलल्यास?" केलेपी हसून आपली वाटी पुढे करायचा. वीसेक वर्षं ऑकलंडमध्ये काढून परत आलेल्या माणसाला गावचे टोमणे गिळावेच लागतात, आणि त्याला ते गिळता येत होते.

मालिश म्हणजे काय हे गावाला चांगलं ठाऊक होतं. खोबरेल तेल, अंगठे, कोपर आणि खाली पडलेल्या माणसाचं विव्हळणं. जेवढा माणूस जास्त विव्हळेल तेवढा गुण मोठा. केलेपीचं म्हणणं भलतंच होतं. तो म्हणायचा की कातडीच्या लगेच खालून एक पाणी वाहत असतं, रक्ताहून वेगळं, आणि त्याला मागून ढकलणारं कुणी नसतं. ते अडलं की सूज येते. दाबल्याने ते जात नाही, उलट रुसून बसतं. हलक्या हाताने वाट दाखवली तर जातं. एवढं सांगून होईपर्यंत मंडळींचं लक्ष कावाच्या भांड्याकडे गेलेलं असायचं.

हे तो शिकला होता ऑकलंडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. तिथे तो स्ट्रेचर ढकलायचा. कॅन्सरसाठी छातीचं ऑपरेशन झालेल्या, काखेतल्या गाठी काढलेल्या बाया तिथे यायच्या. एक हात नेहमीचा आणि दुसरा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटावा एवढा सुजलेला. त्यांची सूज उतरवणारी एक म्हातारी आयरिश बाई होती. केलेपीने एका रोग्याला उचलून पलंगावर ठेवलेलं तिने पाहिलं आणि स्ट्रेचरचं काम सोडायला लावून त्याला आपल्या खोलीत ओढून नेलं. "दुधावरची साय न मोडता बोट फिरवता येईल का तुला?" असं तिने विचारलं होतं. त्याला आलं. तिने त्याला दोन गोष्टी घोकायला लावल्या. एक म्हणजे सुरुवात मानेपासून करायची, आधी वरची वाट मोकळी करायची आणि मग हाताकडे यायचं. दुसरी म्हणजे हात तापलेला असेल, अंगात कणकण असेल, तर बोटसुद्धा लावायचं नाही. आत जंतू शिरलेले असतात. आपण वाट मोकळी केली की त्याच वाटेने ते अंगभर पसरतात. अशा वेळी थेट डॉक्टर.

आईच्या शेवटच्या आजारपणात तो परत आला आणि राहिला. खाडीच्या पलीकडे परदेशी लोकांचं एक रिसॉर्ट होतं. देवमासे बघायला येणारी गिऱ्हाइकं लांबच्या विमानप्रवासाने पाय सुजवून यायची. ते पाय चार पावलं चाललं, दोनदा समुद्रात डुंबलं की आपोआप उतरणारे होते, हे केलेपीला ठाऊक होतं. पण मॅनेजरने बाहेर 'शरीरशुद्धी' अशी पाटी लावलेली होती. तेव्हा केलेपी हलक्या हाताने त्या धडधाकट पायांवरून बोटं फिरवायचा आणि बाया डोळे मिटून आपलं शरीर शुद्ध होताना ऐकायच्या. ज्यांना खरी गरज होती अशा बाया ऑकलंडला राहिल्या, आणि इथे ज्यांना काही झालेलं नाही त्यांची सेवा चालली होती. याचं त्याला वाईट वाटायचं. पण वाईट वाटून पोट भरत नाही.

आणि मग त्याच्या बहिणीचा हात सुजला.

लोसालिने त्याच्याहून मोठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगी, फीपे. चर्चच्या गाण्याची आघाडी तिच्याकडे आणि चटया विणणाऱ्या बायकांमध्येही तिचाच शब्द शेवटचा. तिने विणलेली बारीक चटई लग्नात किंवा मयतीत आली की बायका बोटाने चाचपून बघायच्या आणि गप्प बसायच्या. तिचंही तसलंच छातीचं ऑपरेशन ऑकलंडलाच झालं होतं. पुढे वर्षभर सगळं ठीक होतं. मग एका पावसाळी महिन्यात डावा हात भरू लागला. आधी अंगठी रुतली, मग बाही चढेना, मग बोटं इतकी फुगली की चटईसाठी लागणाऱ्या, केवड्याच्या जातीच्या पानांची पट्टी चिमटीत धरता येईना. विणणं थांबलं. लोसालिने गात होती, हुकूम सोडत होती, पण तिला ओळखणाऱ्यांना दिसत होतं की बाई खचली आहे.

गावच्या मालिशवालीने आठवडाभर तो हात तेल लावून मळला. हात आणखी सुजला. मग चर्चच्या पायरीवर पाद्र्याची बायको म्हणाली, "अगं, तुझा भाऊ तर हेच काम करतो ना—" आणि जीभ चावून थांबली. भोवतालच्या बायका एकदम आकाशाकडे बघू लागल्या.

कारण भाऊ बहिणीला हात लावत नाही. तिथलं बहीणभावाचं सोवळं आपल्या देवघरातल्या सोवळ्याहून कडक. मिसरूड फुटायच्या आत मुलगा घराबाहेरच्या झोपडीत झोपायला जातो. त्यानंतर बहिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, तिच्या अंथरुणावर बसायचं नाही, तिच्यादेखत शरीराच्या कुठल्या भागाचं नाव काढायचं नाही. टीव्हीवर कुणी कुणाचा मुका घेऊ लागलं आणि बहीण तिथे असली, तर भाऊ पाणी प्यायला उठतो. यात तिरस्कार नाही, धाकही नाही. बहीण वरची, भाऊ खालचा, आणि हा मान भावाने जन्मभर सांभाळायचा. बहीण येऊन राहिली तेव्हा केलेपीने तो ऑकलंडच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरातही सांभाळला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. लोसालिनेचा कोपर कसा दिसतो हे त्याला लहानपणानंतर माहीत नव्हतं.

तोडगा काढला फीपेने. ती बेटावरच्या मुख्य गावी, नेआफूला, एका मोबाइलच्या दुकानात काम करायची आणि मामावर राज्य करायची. तिथे भाचीचा तो हक्कच असतो. मामाच्या घरात शिरून तिने त्याचा नवा शर्ट उचलला तरी मामाने हसायचं. ती तिन्हीसांजेला आली, त्याच्या ताटातला अळूसारख्या तारोच्या पानांत शिजवलेला मटणाचा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाली, "मामा, मला शिकव. हात माझे, डोकं तुझं."

"तुझ्या आईला विचारलंस?"

"तिनेच पाठवलंय. पण ती पाठवते आहे असं तुला सांगायचं नाही, असंही तिनेच सांगितलंय."

केलेपीने आपला हात तिच्यापुढे टाकला आणि तीनचार संध्याकाळी त्या हातावर फीपे शिकली. पहिल्या दिवशी तिने पीठ तिंबावं तसा तो तिंबला. तो म्हणाला, साय मोडली. ती म्हणाली, साय गेली खड्ड्यात, मला काहीच लागत नाही बोटांना. पण पोरगी हुशार होती, हळूहळू तिचं बोट हलकं झालं. तापलेल्या हाताचा नियमही त्याने सांगितला. तेव्हा ती चिप्स खात होती आणि मान डोलवत होती. हे त्याला पुढे फार वेळा आठवलं.

लोसालिनेच्या घरी पद्धत अशी ठरली. ती आतल्या खोलीत आडवी व्हायची, फीपे तिच्या उशाशी. दारात चटईचा पडदा. केलेपी बाहेर पडवीत, भिंतीला पाठ लावून, तोंड रस्त्याकडे. तो तिथून सांगणार आणि आत फीपे करणार. पण सांगणार कसं? बहिणीच्या कानावर पडेल अशा आवाजात मान, काख, छाती हे शब्द तोंडातून काढायचे? पहिल्या दिवशी केलेपी घसा खाकरत बसला. आत दोघी वाट बघत होत्या. शेवटी तो म्हणाला, "फीपे, आधी बंदर साफ कर." आत फीपे खुसखुसली. तिला कळलं होतं. बंदर म्हणजे मान. मग खडकातली खिंड म्हणजे काख, मोठा समुद्र म्हणजे छाती, लांब किनारा म्हणजे दंड, वळण म्हणजे कोपर आणि अगदी टोकाला होड्या म्हणजे बोटं. "आधी बंदर, मग खिंड. खिंड उघडल्याशिवाय किनाऱ्याला हात लावू नकोस." रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं केलेपी मासेमारी शिकवतोय.

काही शब्द फीपेने घातले. एके दिवशी हात पहिल्यांदा सैल पडला, दगडासारखा होता तो बोटाखाली दबू लागला. आईचा हात मऊ झाला हे मामाला सांगायचं कसं? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मामा, पाणी कोमट झालंय." केलेपीला शब्द फार आवडला. तेव्हापासून हात घट्ट असला की पाणी गार आणि सैल पडला की पाणी कोमट. रोज बसल्या बसल्या तो विचारायचा, "पाणी कसं आहे?" आणि तिच्या उत्तरावर त्या दिवसाचं काम ठरायचं.

सूज उतरली. सगळी नाही, पण बाही चढू लागली. मग पट्टी चिमटीत धरता आली, आणि एका दुपारी पडवीत बसलेल्या केलेपीला आतून पान चिरल्याचा करकर आवाज आला. तो ऐकत राहिला. इतकी वर्षं परक्या बायांचे हात हलके करून त्याला जे मिळालं नव्हतं ते या आवाजाने मिळालं. गावातही बोलणं बदललं. माश्या हाकलणारा केलेपी आता बहिणीची सूज भिंतीआडून उतरवणारा केलेपी झाला. बाया त्याच्याकडे बघून आदराने मान हलवू लागल्या.

आणखी एक गोष्ट झाली, जी कुणाला दिसली नाही. भिंत मध्ये असल्यामुळे लोसालिने बोलू लागली. लहानपणापासून त्या दोघांत सणावाराच्या, कामाच्या बोलण्यापलीकडे काही गेलं नव्हतं. आता ती आतून विचारायची, बापाने घेतलेल्या घोड्याचं नाव आठवतं का रे? तो बाहेरून सांगायचा. ती म्हणायची, चूक, ते दुसऱ्या घोड्याचं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू विमानतळावरून चालत आलास असं ऐकलं, खरं का? तो म्हणायचा, खरं, गाडी थांबवायला हात वर करायचंही सुचलं नाही. फीपे कंटाळून मोबाइल बघायची. केलेपीला त्या पडवीत जेवढं सुख झालं तेवढं आयुष्यात दुसरीकडे कुठे झालं नसेल.

गावात नवं चर्च उघडणार होतं. वेदीसमोर अंथरायची मोठी चटई लोसालिनेने अंगावर घेतली. कुणी नको म्हटलं नाही, कारण तिला नको म्हणणारं गावात कुणी नव्हतं. केलेपीने भिंतीआडून एवढंच म्हटलं, "ताई, बेताने घ्या." ती म्हणाली, "देवाच्या दारात बेताने जायचं का?" विषय संपला. त्या पानांच्या कडांना काटे असतात. ते कितीही खरवडले तरी एखादा राहतोच. एखादा काटा त्या सुजरट बोटात शिरला असणार. विणणाऱ्या बाईला काटा शिरणं म्हणजे स्वयंपाक करणारीला चटका बसणं, त्याची कोण दखल घेतं? पण पाणी साचणाऱ्या हाताला एवढंसं भोकसुद्धा दरवाजा असतो.

त्या दुपारी केलेपी नेहमीसारखा पडवीत येऊन बसला. रोज आतून पहिला आवाज लोसालिनेचा यायचा, "आलास का?" त्या दिवशी आला नाही. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "ताई, बऱ्या आहात ना?"

उत्तराला वेळ लागला. "बरी आहे. झोप येते आहे नुसती. तू तुझं काम कर."

आवाज जड होता. केलेपी उठला. पडद्याच्या चटईला त्याने हात लावला, ती बाजूला करायला एक बोट पुरलं असतं. आत आपली बहीण बाही वर सारून पडलेली आहे, हा विचार त्याच्या मनात आला. त्याने हात काढून घेतला. पुन्हा भिंतीला पाठ लावून बसला आणि रोजचा प्रश्न विचारला, "फीपे, पाणी कसं आहे?"

"गरम आहे मामा," फीपे म्हणाली. "आज चांगलंच गरम आहे."

"छान," केलेपी म्हणाला. "मग आज घाई करू नकोस. खिंड नीट उघड आणि सगळं मोठ्या समुद्रापर्यंत जाऊ दे."

फीपेने केलं. रोजच्यापेक्षा जास्त वेळ केलं, कारण मामा खूश झाला होता. आईच्या सावळ्या हातावर लाली अशी दिसत नव्हती आणि खोलीत उजेडही बेताचाच होता. तिच्या बोटांना ऊब लागत होती, आणि ऊब चांगली असं तिला भिंतीपलीकडून सांगण्यात आलं होतं. पोरीचा त्यात काय दोष काढायचा! लोसालिने बोलली नाही. तिला थंडी वाजत होती, तिने चादर ओढून घेतली. अंग दुखतंय हे भावाच्या कानावर घालणं तिला जमलं नाही. ज्या तोंडाने सगळ्या गावाला धाकात ठेवलं, त्या तोंडाला एवढा एक शब्द जड झाला.

केलेपी त्या संध्याकाळी कावा प्यायला गेला तो आनंदात. "हात उतरत आला," असं त्याने मंडळींना सांगितलं. मंडळींनी टाळ्या दिल्या.

सकाळी लोसालिने असंबद्ध बोलत होती. दात वाजत होते, डोळे उघडत नव्हते. शेजाऱ्याच्या गाडीत मागे गादी टाकून तिला नेआफूच्या दवाखान्यात नेलं. केलेपी गाडीच्या पुढच्या सीटवर बसला, मागे वळून न बघता. तिथेही पलंगाभोवती पडदा होता आणि तो पडद्याबाहेर, बाकावर. डॉक्टर मुलगी तरुण होती, धावपळ करत होती, जे करता येईल ते सगळं करत होती. तिने बाहेर येऊन विचारलं की हात किती दिवस तापलेला होता, आणि त्यावर कुणी मालिश केलं होतं का.

तापलेला हा शब्द ऐकला आणि केलेपीला सगळं समजलं. पाणी गरम आहे. पाणी आज चांगलंच गरम आहे. कोमट म्हणाली नव्हती ती, गरम म्हणाली होती. वीस वर्षांत हजारो बायांच्या हातावर हात ठेवून पहिल्या क्षणाला जे त्याला कळायचं, ते आपल्या बहिणीच्या बाबतीत त्याने समुद्राच्या गोष्टींत बुडवून टाकलं होतं. एकदा, फक्त एकदा हाताची पाठ त्या कातडीला लागली असती तर तो ओरडला असता. तो बाकावरून उठला नाही. डॉक्टरला उत्तर फीपेने दिलं. मालिश मी केलं, असं ती म्हणाली. मामाचं नाव तिने घेतलं नाही. केलेपीने ते ऐकलं, आणि तोही काही बोलला नाही.

विष रक्तात गेलं होतं. मोठ्या बेटावर न्यायची तयारी चालली होती, तेवढ्यात लोसालिने गेली.

मयतीला सगळं बेट लोटलं. बहीण वरची आणि भाऊ खालचा हे जिवंतपणी जेवढं खरं, त्याच्या दुप्पट मयतीत खरं असतं. तिथे भाऊ सगळ्यात खालचा. प्रेत ठेवलं त्या मांडवात त्याने जायचं नाही, प्रेताला हात लावायचा नाही, त्याचं तोंडही बघायचं नाही. गुडघ्याखाली लोंबणारी फाटकी चटई कमरेला गुंडाळून त्याने घरामागे जायचं आणि आलेल्या पाहुण्यांसाठी जमिनीतल्या भट्टीवर रांधायचं. केलेपी डुकरं सोलत होता, यामचे कंद भाजत होता, तापलेले दगड काठीने लोटत होता. धुराने डोळे भरून येत होते आणि ते एका परीने सोयीचंच होतं.

मांडवात लाउडस्पीकर लावला होता. पाद्र्याचं बोलणं मागच्या अंगणात स्वच्छ ऐकू येत होतं. लोसालिनेच्या गाण्याबद्दल तो बोलला, अर्धवट राहिलेल्या चटईबद्दल बोलला, आणि मग म्हणाला, आज आपण तिच्या भावालाही मान देऊ. आजकालची पोरं परदेशात जातात आणि रीत विसरून येतात. या माणसाने कित्येक महिने बहिणीची सेवा केली, आणि दारातला पडदा एकदाही बाजूला केला नाही. असा भाऊ प्रत्येक बहिणीला लाभो. मांडवातून शाबासकीचे आवाज उठले. भट्टीपाशी काम करणाऱ्या दोघातिघांनी केलेपीच्या खांद्यावर हात ठेवला. त्यात रोज माश्यांवरून चिडवणारा एक म्हातारा होता. तो रडत होता.

पाहुण्यांची ताटं कधी येणार हे विचारायला फीपे मागे आली होती. काळे कपडे, सुजलेले डोळे. पाद्र्याचं बोलणं तिने भट्टीपाशी उभं राहून ऐकलं. बाकीचे ताटं घेऊन गेले तेव्हा ती केलेपीच्या जवळ आली.

"मामा, मी गरम म्हटलं होतं."

"हो."

"तू छान म्हणालास."

"हो."

"मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. दोन दिवस मला वाटतंय मी आईला मारलं." तिचा आवाज चढला नव्हता. "तिकडे सगळे तुला शाबासकी देताहेत. तू आत जा आणि त्यांना सांग काय झालं ते. मी सांगते आहे, मामा. भाची म्हणून सांगते आहे."

भाचीचा शब्द मामाने मोडायचा नसतो. केलेपीने हातातली काठी खाली ठेवली. मांडवाच्या मागच्या कनातीपर्यंत वीस पावलंही नव्हती. तिच्यापलीकडे त्याची बहीण होती, तिचे दोन्ही हात छातीवर जुळवून ठेवलेले असतील आणि त्यातला एक अजूनही दुसऱ्यापेक्षा जाड असेल. तिकडे जावं, कनात फाडावी आणि सगळ्यांच्या देखत तो हात हातात घ्यावा, असं त्याला इतकं वाटलं की त्याने एक पाऊल टाकलंही. आणि त्याच वेळी, त्याच मनात, एक सुटकाही उभी राहिली. त्या सुटकेची त्याला किळस आली, पण ती गेली नाही.

"मला आत जाता येत नाही, फीपे," तो म्हणाला.

ते खरंच होतं. रीतच तशी होती. फीपे उरलेली ताटं उचलून मांडवाकडे गेली, आणि केलेपीने पुढच्या पाहुण्यांसाठी भट्टीवरची पानं काढायला घेतली.